खोक्यातून नेलेली चाळीस पिल्लं

आमचे हे नोकरी म्हणून पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालतात. बायकोला साधी अंगठी घेणं एकतीस वर्षांत सुचलं नाही, पण तो विषय वेगळा.

कामावरून घर सरळ रस्त्यानं दहा मिनिटं. हे मात्र लोहाराच्या दुकानाला वळसा घालून अर्ध्या तासानं उगवतात. दुकान केव्हाच बंद पडलंय, पण सासरे तसेच यायचे ना! मी म्हणते, "अहो, सरळ आलात तर पाय झिजतील का?" तर म्हणे, "पाय आपोआप वळतात गं."

गेल्या साली पूर्वेच्या दलदलीतून रस्ता काढायचं ठरलं. तिथली चाळीस पिल्लं पश्चिम किनाऱ्यावर हलवा, असा साहेबांचा हुकूम. साहेब म्हणजे खुर्चीत बसून पक्षी ओळखणारे. ह्यांनी सांगून पाहिलं, "साहेब, जात एक असली तरी वाटा दोन आहेत. यांचे पूर्वज एका बाजूनं आले, तिकडच्यांचे दुसऱ्या. तीच दिशा पिल्लांच्या रक्तात उतरते. ही नैऋत्येलाच उडणार. इथून तिकडे जमीन आहे, तिथून नुसता समुद्र."

"जात एक तर वाट एक. आणि तिथले मोठे पक्षी दाखवतील की!"

"मोठे आधीच निघून जातात, साहेब. पिल्लं एकटीच उडतात."

साहेबांनी चहा मागवला. पालथ्या घड्यावर पाणी!

आणि खोकी उचलली कोणी? आमच्या ह्यांनीच! मी भांडले, "नाही म्हणायला काय झालं होतं?" तर म्हणे, "दुसऱ्यानं आदळली असती." वा! बुडवायचीच, तर अलगद न्यावीत. रागाच्या भरात माझी भाजी करपली.

थंडीच्या तोंडावर पिल्लं उडाली. चाळीसच्या चाळीस, नैऋत्येला, समुद्रावर. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि अहवालात लिहिलं, 'सर्व पक्षी सुखरूप रवाना.' परतले किती, हा रकानाच छापलेला नव्हता.

थंडी सरली तसे तिकडचे पक्षी परतले. हे महिनाभर दुर्बिणीतून त्या चाळिसांची हिरवी कडी शोधत बसले. पूर्वेच्या जागीही जाऊन पाहिलं. मग एक दिवस अहवालावर पट्टीनं नवा रकाना आखला, त्यात शून्य घातलं, आणि 'खोकी मी उचलली' असं लिहून खाली सही केली.

त्या दिवशी हे सरळ रस्त्यानं घरी आले. दहा मिनिटांत.

"आज लवकर?" मी म्हणाले, आणि जीभ चावली. हे दारातच बसून राहिले. एकतीस वर्षं हेच तर मागत होते मी!

"अहो," मी म्हणाले, "उद्यापासून लोहाराकडूनच येत जा."