नथ्थूभाऊंनी पांढरी केलेली भिंत

घरी पाहुणा येणार असं कळलं की नथ्थूभाऊ चहाच्या आधी चुना भिजवत. मुलीला बघायला मंडळी आली, तेव्हा त्यांनी अंगणातला कडुनिंब, न्हाणीचा दगड आणि शेजाऱ्याच्या म्हशीचा खुंटासुद्धा पांढरा केला होता. उभी हयात रेल्वेत फिटर म्हणून गेलेली. "सायेब येनार म्हंजे सारं चकाचक पायजे," हे हाडात भिनलेलं.

वाशीम जिल्ह्यातून छोटी गाडी धावायची तेव्हा तिची डागडुजी करणारा कारखाना आमच्या गावात होता. गाडी बंद पडली, कारखान्याला कुलूप लागलं आणि पुढे तो पाडून गोदाम बांधायचं ठरलं. नथ्थूभाऊंनी अर्जांवर अर्ज केले. अखेर जुन्या वास्तूंची पाहणी करणाऱ्या एक बाई यायच्या ठरल्या. कारखाना राहणार की जाणार, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं.

आदल्या दिवशी भाऊ माझ्या दारात हजर. "मास्तर, कुचा घ्या हातात! मॅडम येऊन राह्यल्या आन् भित काळीकुट्ट? काय म्हनतीन त्या?"

मीही असा शहाणा की दिवसभर कुचा चालवला! संध्याकाळी कारखाना नवरदेवासारखा झळकत होता.

बाई आल्या. चहूकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. "काका, इथे जुनं काय आहे?"

भाऊंनी भिंतीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मास्तर, आपुन मानसंच पुसून टाकले ना!"

कारखान्याची रीत होती: नोकरीच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं तेल-काजळीत बुडवलेला पंजा त्या भिंतीवर उमटवायचा. आम्ही साऱ्यांवर चुना फासला होता.

भाऊंनी गोणपाट भिजवलं आणि रंगमंचावरच्या राजासारखे भिंतीवर तुटून पडले. तेलकट जागी चुना नीट धरलाच नव्हता. पापुद्रे गळाले, एकेक पंजा बाहेर आला.

"हा गनपत. चारच बोटं. पाचवं चाकाखाली गेलं. हा उस्मान. माहा पाना नेला, अजून आनूनच राह्यला! आन् हा मोठ्ठा? नाऱ्या, लबाड! मोठा दिसाले पायजे म्हनून दोनदा उमटवला."

बाई हसत सुटल्या. पदर खोचून त्यांनी दुसरं गोणपाट उचललं. दुपारपर्यंत आम्ही तिघं भुतांसारखे पांढरे आणि भिंत पुन्हा काळी.

बाईंनी तिथंच बसून शेरा लिहिला: "वास्तू पाडू नये. आहे तशी जतन करावी."

भाऊंनी वाकून तो दोनदा वाचला. डोळे पुसले, तर चुना डोळ्यात गेला.

"मॅडम, अजून येक ओळ लिवा."

"कोणती, काका?"

"कितीबी मोठा सायेब येनार असन, तरी भित साफ करू नये."

बाईंनी ती ओळ लिहिली, आणि खाली सही केली.