दगडापुढचा द्रोण

सेवेला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत सात किलो पोहे, दोन किलो शेंगदाणे, पाणी गाळायचं कापड आणि जपमाळ होती. सेवेत आपण द्यायचं असतं, घ्यायचं काही नसतं, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीचं काय झालं, ते जसं घडलं तसं लिहितो. त्याचा अर्थ लावण्याची माझी पात्रता नाही.

मी सावली गावात धानाच्या काट्यावर वजनं लिहिण्याचं काम करतो. एका मंडळाला भामरागडकडच्या जंगलातल्या पाड्यांवर लहान मुलांची वजनं घेणारा माणूस दीड महिन्यासाठी हवा होता. बायको म्हणाली, "जा ना, महादेवाचीच सेवा समजा." जिल्हा शेजारचाच, पण तिथे पोचलो आणि परदेशात आल्यासारखं झालं. बोलणं माडिया, मला एक शब्द कळेना. सकाळ-दुपार आंबट आंबील, कधी लाल मुंग्यांची चटणी. पहिल्या दिवशी द्रोण तोंडाशी नेला आणि वासानेच खाली ठेवला. मग मी आपले पोहेच भिजवू लागलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते दलसूभाऊ मोडक्यातोडक्या मराठीत आपल्या बायकोला, जुरीबाईला, ऐकू जाईल असं म्हणायचे, "सावलीचा भाऊ रोज दाणे टिपते. चिमणी आहे का माणूस आहे?" जुरीबाई हसायची, पण रोज माझ्यासाठी द्रोण भरायचीच. तो भरलेला द्रोण मी रोज तसाच ठेवत असे.

मला मोजायची खोड आहे. पाड्यावरच्या बायका पळसाच्या पानांचे द्रोण चार काड्यांनी टाचत, जुरीबाई पाच काड्या लावायची. विचारलं तर म्हणाली, "सासूनं शिकवलं." खालच्या पाड्यापर्यंत तीन हजार आठशे चाळीस पावलं होती, हेही मी मोजून ठेवलं होतं.

त्या वाटेवर आमच्या पाड्याजवळच उभे दगड होते, माणसाएवढे. त्यातल्या एकापुढे सपाट शिळेवर रोज सकाळी आंबिलीचा भरलेला द्रोण असे. त्यावर माश्या बसत. पाड्यात जुलाबाची साथ होती, आणि उघड्यावरचं काही खाऊ-पिऊ देऊ नका असं मीच दलसूभाऊंना सोबत घेऊन घरोघरी सांगत फिरत होतो. एखादं मूल हे पिऊन आजारी पडेल म्हणून, दलसूभाऊ पुढे गेलेले असताना, मी तो द्रोण ओतून टाकला. लागोपाठ तीन दिवस. मनात धन्यता होती, हे लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी जुरीबाईनं मला ओतताना पाहिलं. ती जवळ आली.

"भाऊ, काऊन सांडवला?"

मी साथीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग दगडाकडे बोट केलं. "हे माझी सासू आहे. मागच्या साली गेली. तीन दिवस उपाशी राह्यली ना ते."

माझे वडील जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालत. ते गेल्यावर मी ती सोडली, अन्न वाया जातं म्हणून. पितृपक्षात मात्र कावळा शिवेपर्यंत आम्ही सगळे अंगणात ताटकळत उभे राहतो. कावळ्याचं पान मीच उधळलं होतं, आणि ते मला कळलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी दलसूभाऊ तेंदूची पानं तोडायला गेले होते, म्हणून खालच्या पाड्याला मी एकटाच गेलो; जाताना शिळेवरचा भरलेला द्रोण तसाच राहू दिला. मे महिन्याचं ऊन. परतताना बाटलीतलं पाणी संपलं. पावलं मोजत होतो. तीन हजार आठशे चाळीस झाली, पाडा आला नाही. पाच हजार झाली. त्याच वाकड्या मोहाच्या झाडाखालून मी दुसऱ्यांदा गेलो, मग तिसऱ्यांदा. पाखरू ओरडत नव्हतं. वारा नव्हता, तरी बांबूची पानं एकाच बाजूला हलत होती. घाम यायचा थांबला, आणि आता आपण पडणार हे मला स्वच्छ कळलं. पडलो असतो तर संध्याकाळपर्यंत कुणी शोधायला आलं नसतं. महादेवाचं नाव घेऊ लागलो. सवयीनं तेही मोजत होतो. चाळीसच्या पुढे कुठेतरी आकडा हातातून सुटला. माझा आकडा कधी चुकत नाही. तेव्हा म्हणालो, देवा, आता तूच मोज.

वर पाहिलं तर मोहाखाली एक म्हातारी बसली होती. तिन्ही वेळा तिथे कुणी नव्हतं. तिच्या हातात द्रोण होता. तिनं थोडी आंबील आधी जमिनीवर सांडली, मग द्रोण माझ्यापुढे धरला. मी न गाळता, न विचारता प्यालो. आंबील गार होती. त्या उन्हात गार कशी, हा विचार नंतर आला. म्हातारीनं एका दिशेला हात केला. त्या दिशेला निघालो, मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही. पावलं मोजली नाहीत, पण फार नसावीत. समोर उभे दगड होते.

जुरीबाईच्या सासूच्या दगडापुढे शिळेवर गोल ओला डाग होता. द्रोण नव्हता. द्रोण माझ्या हातात होता. मी काड्या मोजल्या. पाच.

पानं तोडायला आलेली एखादी म्हातारी असेल, शिळेवरचा द्रोण तिनेच उचलला असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. जुरीबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "मेलेल्याचा द्रोण इथी कोणी उचलत नाई, भाऊ." मग दिसली कशी, नेसली काय होती, असं तिनं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पोट भरलं ना तुमचं? माझी सासू असीच होती. घरी आलेल्याले उपाशी नाई जाऊ देत होती."

त्या संध्याकाळी उरलेले पोहे मी पाड्यावर वाटून टाकले. दलसूभाऊ म्हणाले, "चिमणी उडाली का?" उरलेले दिवस मी त्यांच्या पंगतीला बसलो. आंबील आंबटच लागायची, पण प्यालो.

जुरीबाईच्या सासूला मी तीन दिवस उपाशी ठेवलं, आणि माझी वेळ आली तेव्हा तिनंच मला पाजलं, की महादेवानं तिच्या हातून पाजलं, हे मी ठरवत नाही. घेणाऱ्याचे हात पुढे करायला मी पन्नाशी ओलांडेपर्यंत शिकलो नव्हतो, एवढं मात्र कळलं. आता सावलीला घरी जेवायला बसताना ताटाबाहेर एक घास काढून ठेवतो. काट्यावर दिवसभर दाणा न् दाणा तोलतो, पण हा घास किती मोठा निघाला ते पाहत नाही.