सारवलेली कपार

आमची आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कपारीत शिरण्याआधी बाहेर थांबून हाक मारायची, "हाय का कोण आत?" मग जरा वाट बघायची आणि वाकून आत जायची. नातेपुत्याजवळच्या त्या डोंगरात माणूस फिरकत नसे, आत असणार कोण? मी हसलो की म्हणायची, "तरस असलं तर उठून जाईल. माणूस असलं तर बोलंल की." तरस एकदा खरंच निघालं. माणूस मात्र कधी बोललं नाही.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मेंढरं आणि ती. ऊन उतरेपर्यंत ती कपारीत बसे. खडकाखाली आपोआप झालेली ओसरीएवढी जागा. छत धुरानं काळं, खाली भुसभुशीत राख. मी सोलापूरला नोकरीत. कधीमधी गेलो की बोलून बोलून मला दमवायची आणि निघायची वेळ झाली की एकदम गप्प व्हायची. ते गप्प होणं मला फार लागायचं.

एकदा माझ्या ओळखीचे कॉलेजातले एक सर कपार बघायला आले. राखेत त्यांना दगडाच्या धारदार चिपा दिसल्या आणि गडी हरखूनच गेला. "हजारो वर्षांपूर्वी इथं माणसं राहिली असावीत."

"बायका-पोरं बी?" आत्तीनं विचारलं.

"असणारच, मावशी."

"मग ह्ये घर हाय की! मी उगं बिळात बसल्यावानी बसत हुते."

निघताना सर म्हणाले, "दिवाळीनंतर विद्यार्थ्यांना घेऊन येतो. तुम्ही मात्र काही करू नका हं, आहे तसंच राहू द्या."

त्या दिवसापासून तिची हाक बदलली. "हाय का कोण" गेलं आणि "आले गं बायांनो" आलं. आत बसून ती त्या हजारो वर्षांपूर्वीच्या बायकांशी जावांशी बोलावं तशी बोलायची. मेंढरांचं गाऱ्हाणं, माझं लग्न, सगळं त्यांच्या कानावर घालायची. इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर सर मुलांना घेऊन आले. मी पुढे होतो. कपारीच्या तोंडाशी रांगोळी, आतली जमीन शेणानं गुळगुळीत सारवलेली. राख, चिपा, सगळं खरडून तिनं खालच्या ओढ्यात लोटलं होतं. वर पाऊसही होऊन गेला होता. सरांचा चेहरा उतरला.

"काही करू नका म्हटलं होतं ना, मावशी?"

"पाव्हणं तसंच म्हणत्यात," आत्ती हसत म्हणाली. "म्हणून का कोण घर पारुसं ठेवतं?"

सर भले. रागावले नाहीत, चहा प्यायले. पण त्यांच्याबरोबरच्या एका मुलीला राहवलं नाही. त्या राखेतच जुन्या माणसांची खूण होती, ती आता कुठंच सापडणार नाही, असं तिनं आत्तीला समजावून सांगितलं. आत्तीच्या हातातली किटली तशीच राहिली. "म्हंजी त्यांची चूल मी झाडून टाकली व्हय?" एवढंच ती बोलली.

सर पुन्हा आले नाहीत. आत्ती कपारीत जात राहिली, सारवत राहिली, पण हाक मारायची बंद झाली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "कुणाला मारू? मीच हाकलून दिलं की त्यास्नी." मी पुष्कळ समजूत घातली. ती मेंढरांकडे बघत बसली.

गेल्या थंडीत ती गेली. मेंढरं विकली गेली. परवा मी एकटाच डोंगर चढून गेलो आणि सवयीनं बाहेर थांबलो. आत सारवणाचे पोपडे सुटले होते. कोपऱ्यात मात्र जमीन अजून शाबूत होती आणि तिच्यावर आत्तीची पाची बोटं गोल फिरलेली स्पष्ट दिसत होती.

मी चपला काढल्या आणि हाक मारली, "आत्ती, आलो गं."