रेशमाच्या अळ्या, ओलं गोणपाट आणि आमची हायब्रिड

परवा भर उन्हात गेवराईच्या अलीकडे हायवेवर आमची गाडी रुसून बसली... आणि मागच्या सीटवर हजारो अळ्या होत्या. हो, अळ्याच. रेशमाच्या!

आधी गाडीचं सांगते, कारण सारखं कुणी ना कुणी विचारतं, हायब्रिड घ्यावी का. आमची एसयूव्ही घेऊन दीड वर्ष झालं. अॅव्हरेज बघून अजूनही जीव सुखावतो, आणि आवाज तर इतका कमी की गल्लीतनं जाताना कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.

नखरे पण आहेत बरं का! मागं बॅटरी बसवल्यामुळे डिकीत जागा कमी. एकदा लग्नसराईत गाडी नुसती उभी राहिली तर छोटी बॅटरी उतरली. अख्खी गल्ली धक्का मारायला धावली, आणि ही धक्क्याने सुरूच होत नाही हे सगळ्यांना घाम फुटल्यावर कळलं. त्यात सर्व्हिस सेंटर थेट संभाजीनगरला. आमचे अहो म्हणाले, विकून डिझेल घेऊ. मी म्हटलं, हात तर लावून बघा!

तर परवा मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शिरूर कासारच्या बाजूला चॉकी आणायला गेलो होतो. चॉकी म्हणजे सेंटरवर जपलेल्या बाळ अळ्या. त्या आणून आपल्या शेडमध्ये तुतीच्या पाल्यावर वाढवायच्या, मग त्या कोष करतात. ऊन मात्र त्यांना अजिबात सोसत नाही.

आमची मागची बॅच शेजारच्या शेतातल्या औषध फवारणीने गेली... सगळेच्या सगळे ट्रे. तेव्हापासून आत्याबाई शेडकडे फिरकल्याच नव्हत्या. या वेळी त्याच म्हणाल्या, "एकदा अजून करू. हेबी गेलं तर शेडला कुलूप." त्यामुळे मी जीव मुठीत धरून गाडी चालवत होते.

एसीने हवा कोरडी होते आणि अळ्यांना ओलावा लागतो. म्हणून आम्ही दोघींनी मागच्या सीटवर, खाली, बाजूला, सगळीकडे ओलं गोणपाट दाबून बसवलं. त्यावर ट्रे, आणि ट्रेशेजारी आत्याबाई, पदराने वारा घालत... एसीत!

गेवराईच्या अलीकडे ट्रक उलटला होता, गाड्यांची ही भली मोठी रांग. सगळ्यांची इंजिनं धडधडत होती. आमचं बंद, तरी बॅटरीवर एसी गारेगार चालू. काय कौतुक वाटलं म्हणून सांगू!

दृष्टच लागली बहुतेक. थोड्या वेळाने स्क्रीनवर लाल अक्षरं आली, हायब्रिड सिस्टीम ओव्हरहीट. एसीची हवा कोमट व्हायला लागली.

मागच्या जीपमधले दोघं उतरून आले. "काय बे, आवाजच न्हाई हिला. मेली वाटतं," एक दुसऱ्याला म्हणाला. मला म्हणाला, "ताई, धक्का मारू का?" मी त्याला हात जोडले.

ट्रेमधल्या थर्मामीटरचा पारा चढत होता. मी सर्व्हिस सेंटरला फोन लावतेय, तो लागत नाही, आणि मागून आत्याबाईंचं चालूच... "अगं, हितं सीटखाली कायतरी लई घरघर करायलंय."

मी खेकसलेच. "आत्याबाई, गाडी हाय ती, आवाज करणारच. तुमी अळ्याकडं बघा!"

"अगं, आजवर कधी आवाज केलाय का हिनं? आताच कावून ओरडायली?"

मी फोन खाली ठेवला. तोवर त्यांनी गोणपाट ओढून काढलंसुद्धा. सीटच्या खालच्या बाजूला एक जाळी होती, आणि आत पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. बॅटरीला थंड हवा तिथूनच मिळते, आणि आम्ही नेमकी तीच बुजवली होती!

"तोंडच दाबलं की गं बाई आपण हिचं," आत्याबाई हळहळल्या. "अळ्यायला हवा लागती, मग हिला न्हाई लागणार व्हय?"

जाळी कोरडी पुसली, गोणपाट डिकीत टाकलं, आणि वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने लाल अक्षरं गेली आणि एसीतून गार झोत आला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले, सरळ सांगते. नंतर सर्व्हिसवाल्यांचा फोन लागला तेव्हा, "ओलं गोणपाट? बॅटरीपाशी?" असं त्यांनी दोनदा विचारलं. तेव्हा गाडी बिनधास्त घ्या, पण तिची जाळी मोकळी ठेवा.

घरी आल्या आल्या शेडमध्ये अळ्या पसरल्या, वर कोवळा पाला टाकला. एक हलेना. आत्याबाई ट्रेवर वाकून बसलेल्या. मग एकीने मान उचलली... मग शेजारचीने... आणि बघता बघता पाल्याच्या कडा कुरतडायला लागल्या.

"पाणी दे गं," आत्याबाई म्हणाल्या. सकाळपासून बाईने घोटभर पाणी पिलं नव्हतं, बाटली शेजारीच होती तरी. ते मला तेव्हा कळलं.

तांब्या देताना मी त्यांच्या पाया पडले. एवढं खेकसले होते, त्याबद्दल एक शब्द नाही. अशी माणसं घरात असणं हे माझं खरंच नशीब... त्यांनी मात्र तांब्या रिकामा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पाया कसली पडतीस? अजून पाला आण. भुका लागल्यात लेकरायला."