आर्लीनच्या कार्डावरच्या तिसऱ्या

…तर व्हर्लिन आरशात मान वळवून वळवून बघत होता, इथवर आलो होतो आपण. आर्लीन फॉसनं नुकतेच त्याचे केस कापले होते. आणि कात्री कुठली? सार्डिनच्या कारखान्यात एकतीस वर्षं जिनं माशांची मुंडकी उडवली, तीच!

"मुंडकं राहिलंय ना रे जागेवर?" तिनं विचारलं.

"आहे, आहे. पोरीच्या लग्नात फोटोपुरतं आहे," म्हणत त्यानं सकाळच्या ओहोटीला चिखलातून खणलेल्या तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, बादली पायरीवर ठेवली. "घे. फुकट कापून घेत नाही मी."

"आणि मी फुकट घेत नाही," आर्लीन म्हणाली. शेजाऱ्यांचा हिशोब तिथंच मिटला.

मिटला असता, म्हणा ना. पण त्या वसंतात कारखान्याला कुलूप लागलं होतं, आणि अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावरच्या त्या एवढ्याशा गावात दुसरं कामच नव्हतं. त्यामुळे आर्लीनला दर आठवड्याला बेकारीभत्त्याचं कार्ड भरावं लागे. रविवारी प्रार्थनेहून आली की टोपीसुद्धा न काढता ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. काम शोधलंत का? शोधलं, कुठं कुठं, ते नावानिशी. काही कमावलंत का? आजवर तिथं "नाही" लिहिताना तिचा हात जड व्हायचा. त्या रविवारी मात्र बाईनं ठसठशीत अक्षरात लिहिलं: एक हजामत. मोबदला, तिसऱ्या, एक बादली.

सोमवारी कार्ड टपालात पडलं. गुरुवारी यायचा तो चेक आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. आलं ते पत्र: चौकशी होईपर्यंत भत्ता थांबवला आहे.

ऑक्टोबर निम्मा सरला होता. तळघरातल्या टाकीत घर तापवायचं तेल बोटभर उरलेलं, आणि तेलवाला रोख पैशाशिवाय गाडी वळवायचा नाही. आर्लीन दोन स्वेटर घालून घरात वावरू लागली.

व्हर्लिननं कपाळावर हात मारला. "अगं बये, तिसऱ्या कुणी लिहितं का सरकारला? चावडरच्या कालवणात पडल्या, पोटात गेल्या, संपलं! अख्खा गाव हसतोय."

"हसू दे. गावाचे दात तरी दिसतील."

"जा आणि सांग, भेट होती म्हणून."

"भेट? मग तुझे केस वाऱ्यानं उडाले होय रे?"

गेली मात्र ती. चांगला कोट घातला आणि बसनं तालुक्याच्या कचेरीत जाऊन भत्त्याचं काम बघणाऱ्या लिबीसाहेबांसमोर ताठ बसली. माणूस वाईट नव्हता, पण बिचाऱ्याच्या छापील रकान्यात तिसऱ्या मावत नव्हत्या.

"बाई, इथं 'शेजाऱ्यानं दिलेली भेट' एवढं लिहा. आत्ता सही करतो. या गुरुवारी तिन्ही चेक घरी."

टेबलावर पेन होतं. टाकीत बोटभर तेल होतं. आर्लीननं पेनाला हात लावला नाही. पर्स उघडून तिनं एक चिठ्ठी काढली. धक्क्यावरच्या व्यापाऱ्याकडून ती त्या आठवड्याचा तिसऱ्यांचा भाव लिहून घेऊन आली होती, खाली त्याची सही.

"अकरा डॉलर होतात. कापून घ्या, साहेब."

लिबीसाहेबांनी चिठ्ठी वाचली, नियमांचं पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि हसतच सुटले. "अहो बाई, एवढ्याशा कमाईवर आम्ही एक सेंटही कापत नाही! थंडीत तीन आठवडे उगाच बसलात. चेक सोडतो मी. पण माझं ऐका, पुढच्या वेळी असलं काही लिहूच नका. कोण बघायला येतंय?"

आता एक सांगायचं राहिलं. त्या कारखान्यात बायकांना डब्यांच्या संख्येवर मजुरी मिळे. त्यामुळे घाईघाईत एखादी बाई मासे कमी भरून डबा पुढं ढकलायची. मुकादम मधूनच कुठलाही डबा उचलून तराजूत टाकायचा. आर्लीनचे डबे उचलणं त्यानं दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं.

ती उठली, कोटाची बटणं लावली आणि म्हणाली, "साहेब, एकतीस वर्षांत माझा एक डबा वजनाला कमी भरला नाही, आणि त्यातली एकोणतीस वर्षं कुणी तपासतही नव्हतं. रविवारी कार्ड भरते ना, तेही त्याच हातानं भरते."