दुधाचा आकडा

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. शाहूपुरीतल्या माझ्या दवाखान्यात कुत्री घेऊन येणारे लोक बाहेरच्या बाकावर बसून तेच बोलत असतात आणि मला आतून सगळं ऐकू येतं. पण त्या वर्षी एका शोधनिबंधापायी मी इतकी गप्प झाले की नवऱ्याला काळजी वाटायला लागली.

मी जनावरांची डॉक्टर. माझी सकाळ राधानगरीच्या बाजूच्या गोठ्यांत जाते आणि संध्याकाळ शहरात. म्हशींना दगडी होते, म्हणजे कास सुजते, कडक होते, दुधात गुठळ्या येतात. वेळेवर औषध मिळालं तर ती बरी होते, हे शेंबडं पोरही सांगेल. बरी झालेली म्हैस पहिल्याइतकं दूध देते का, एवढाच माझा प्रश्न होता. पद्धतही सोपी ठेवली होती. इलाज करायला गेले की मालकाला विचारायचं, आजाराआधी किती देत होती. बरी झाली की दर आठवड्याला फोन करायचा, आज किती दिलं. लोक कंटाळा न करता सांगायचे, उलट चहाला बोलवायचे. मी आकडा लिहून घ्यायची.

सगळे आकडे एका तक्त्यात बसवले तेव्हा मी हबकलेच. एकही म्हैस पूर्वीच्या निम्म्यावरसुद्धा आली नव्हती. कास मऊ, दूध स्वच्छ, जनावर टणटणीत, आणि दूध मात्र नाही. आजवर जे वाचलं होतं त्यात असं कुठंच नव्हतं. कॉलेजात मला शिकवलेल्या सरांना फोन केला. त्यांनी सगळे आकडे वाचून दाखवायला लावले. मग म्हणाले, "हे लिहून काढ. परदेशी जर्नलला पाठवू. माझं नाव घालायला विसरू नकोस." त्या आठवड्यात मी कुणावरही ओरडले नाही.

लिहिणं झालं, पण पाठवणं म्हणजे वैताग. त्या जर्नलच्या वेबसाइटला माझे संदर्भ पसंत पडेनात. आधी आडनाव की आधी वर्ष, स्वल्पविराम कुठं, पूर्णविराम कुठं. तक्ते वेगळे द्या, ओळींना क्रमांक द्या, सारांशातले शब्द कमी करा. सगळं भरत आणलं की पान आपोआप बंद व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. रेड्याला इंजेक्शन देणं सोपं, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "रेड्याचंही काही म्हणणं असेल."

अशाच एका दुपारी, तक्ता समोर उघडा असताना, एका मालकाचा फोन आला. हा मालक म्हणजे तरणा पोरगा, कागलच्या एमआयडीसीत कामाला. घरी दोन म्हशी, त्यांचं सगळं त्याची आई बघायची; तिला मी मावशी म्हणायचे. त्यातल्या एका म्हशीची दगडी मी बरी केली होती आणि तीही माझ्या तक्त्यात होती.

"म्याडम, म्हस दोनच लिटर द्यायला लागलीया. अजून वाढंल का वो?"

मी तक्त्यात तिची ओळ बघितली. तिच्या नावापुढं शेवटपर्यंत दोनच लिटर होतं, मावशींनीच सांगितलेलं. "नाही वाढायची आता," मी म्हणाले. "माझ्याकडच्या एकाही म्हशीचं वाढलेलं नाही."

"मग ठिवून उपेग न्हाय म्हणा की."

"तुम्ही ठरवा. मी तरी ठेवली नसती."

फोन ठेवला आणि पुन्हा स्वल्पविराम लावायला लागले.

निबंध एकदाचा सबमिट झाला. आम्ही घरी मिसळ मागवली. आठवडा व्हायच्या आत तो परत आला. नाकारला नव्हता, पण वाचायलाच घेतला नव्हता. प्रत्येक जनावराच्या मालकाची लेखी संमती जोडा, मगच पुढं. मला धक्काच बसला. कोल्हापुरात म्हशीला हात लावायला डॉक्टरनं मालकाची लेखी परवानगी घ्यायची! मालकच तर गाडी घेऊन न्यायला येतो. पण न जोडून सांगता कुणाला? मी संमतीपत्रं छापली, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि गावोगाव सह्या घेत निघाले.

त्या पोराच्या घरी गेले तेव्हा त्याला सुट्टी होती. गोठ्यात एकच म्हैस होती. दुसऱ्या खुंटीला नुसतं दावं. मावशी गोठ्याच्या दारात बसल्या होत्या, मला बघून उठल्या नाहीत. एरवी ही बाई मला बघितलं की उठून ‘या’ म्हणायची.

"इकली," पोरगा म्हणाला. "तुमीच सांगितलासा न्हवं."

"मी काय सांगितलं?"

"आता वाढत न्हाय म्हणून."

तेव्हा मावशी बोलल्या. आवाज चढवला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. "मी लेकीच्या बाळंतपणाला गेलतो, बाई. धार सुनंनं काढली. ती म्हस माझ्याबिगार कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हाय. रेडकू व्हती तवापास्नं माझ्या हातावर वाढलीया. चोरलं तिनं दूध. दोन लिटर दिलं असंल, कसंबसं."

नव्या हाताला म्हैस दूध चोरते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. धार कोण काढतंय, एवढं त्या दुपारी विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि ते मी विचारलं नाही, कारण त्यानं सांगितलेला आकडा माझ्या तक्त्याशी तंतोतंत जुळत होता.

"पण मावशी, तुम्ही होता तेव्हाही दोनच लिटर देत होती. तुम्हीच सांगत होता मला. दर आठवड्याला."

"तुमास्नी सांगायला दोन."

मला कळेना.

"आवं, दूध कुणी तोंडानं सांगतं व्हय? नजर लागंल की."

पोरगाही चकित होऊन आईकडं बघत होता. दोन्ही म्हशींचं दूध एकाच किटलीतून डेअरीला जायचं, त्यामुळं कुठली किती देते हे धार काढणाऱ्या मावशींशिवाय घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "आई, मला तरी सांगायचं हुतंस," तो म्हणाला.

"तू कवा इचारलंस? तू बाईस्नी इचारलंस."

खरं किती देत होती, असं मी विचारलं. आता काय करायचंय तुम्हाला, म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. पोरानं माझ्यासमोरच म्हैस विकत नेलेल्या हेड्याला फोन लावला. जास्त देतो, परत आणून दे, म्हणाला. पलीकडच्यानं बहुतेक हसूनच उत्तर दिलं असावं, कारण पोराचा चेहरा पडला. म्हैस गाडीत भरून सीमेपलीकडं कधीच गेली होती. अशा गाडीतलं जनावर दुसऱ्या गोठ्यात जात नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मावशींनी पदर तोंडाला लावला. सही मागायचं धाडस मला झालं नाही. कोरं संमतीपत्र तसंच घेऊन मी गाडीत बसले.

पुढचे काही दिवस मी न सांगता धारेच्या वेळी गोठ्यांत जाऊन उभी राहायला लागले. तक्त्यातल्या जेवढ्या म्हशी अजून दुभत्या होत्या, त्या सगळ्या बघितल्या. बायका भांड्यावर पदर ओढायच्या, पण फेस भांड्याच्या काठाला आलेला दिसत होता. जिच्यापुढं मी तीन लिटर लिहिलं होतं, तिनं एका वेळेलाच त्याहून जास्त दिलं. दुसरीकडंही तेच. तिसरीकडंही. एका मालकाला जरा दमातच विचारलं, तर त्यालाच माझं नवल वाटलं.

"तुमची नजर वाईट म्हणून न्हाय, म्याडम. पण सांगायचं नसतंय."

"आणि आजाराआधीचा आकडा? तो तरी खरा होता का?"

"त्यो जरा वाढवून सांगितला. त्याबिगार तुमी लगोलग येता व्हय?"

म्हणजे आधीचं वाढवून आणि नंतरचं घटवून. माझा सगळा शोध या दोन थापांच्या मधे उभा होता, आणि थापा मारणारे सगळे सज्जन लोक. मला रडू आलं. मग संताप आला, तोही स्वतःचाच. मी काही परदेशातून आले नव्हते. माझी मुलगी झाली तेव्हा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तिचं वजन कमी करून सांगितलं होतं. आईनं तसं बजावलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तीच मी, हातात फोन घेऊन, बायकांना दर आठवड्याला विचारत होते, तुमची म्हैस किती देते.

सरांना सगळं सांगितलं. ते दचकतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग काय झालं? ‘मालकांनी दिलेल्या माहितीनुसार’ असं एक वाक्य घाल आणि पाठव परत. रिव्ह्यूअर काय राधानगरीला धार बघायला येणार आहे?"

"सर, हे खोटं आहे."

"खोटं तू कुठं बोललीस? मालक बोलले."

याच माणसानं मला एकदा भर वर्गात उभं केलं होतं, कारण ताप मी स्वतः मोजला नव्हता, मदतनिसाला विचारून लिहिला होता. जनावराबद्दल ऐकीव काही लिहायचं नाही, असं तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं होतं. ते विसरले असतील असं समजून मी आठवण करून दिली. "तू तेव्हाही हट्टीच होतीस," ते म्हणाले. हा धक्का मला म्हैस विकल्याच्या धक्क्याइतकाच बसला, आणि तो अजून उतरलेला नाही.

निबंध मागे घेतला. त्यासाठीही वेबसाइटवर कारण निवडावं लागतं. दिलेल्या कारणांत माझं कारण नव्हतं, म्हणून ‘इतर’ निवडलं. मिनिटाभरात आपोआप उत्तर आलं, आपल्या निर्णयाचा आदर आहे, पुढील लेखनास शुभेच्छा. सरांचा फोन त्यानंतर आला नाही. दवाखान्यात मी पुन्हा ओरडायला लागले, त्यामुळं नवरा निर्धास्त झाला.

थंडीत मावशींच्याच घरून फोन आला. दुसरी म्हैस चारा खात नव्हती. खरं सांगते, जाऊ नये असं वाटलं. दुसऱ्या कुणाला पाठवावं म्हणून दोन ठिकाणी विचारूनही बघितलं. मग गेले. पोट फुगलं होतं, साधंच दुखणं. औषध पाजलं, कूस चोळली, तासाभरात म्हैस रवंथ करायला लागली. मावशींनी हात धुवायला पाणी दिलं. एवढा वेळ त्या कामापुरतंच बोलल्या होत्या.

साबण लावता लावता सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "ही किती देते?" जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"हाय आपलं, पोटापुरतं," मावशी म्हणाल्या आणि त्या म्हशीच्या पुढ्यात सरकून उभ्या राहिल्या, मला ती नीट दिसू नये अशा.

मी औषधांची पेटी आवरली. त्या दारापर्यंत आल्या. पोरगा कामावर गेला होता, सून आत होती.

"त्या म्हशीचं लिवलंसा त्ये कुठं धाडलासा?"

"कुठंच नाही, मावशी. काढून टाकलं सगळं. चुकीचं होतं ना."

त्या रिकाम्या खुंटीकडं बघत राहिल्या. दावं अजून तिथंच होतं.

"धा," त्या म्हणाल्या. "दोन्ही येळचं मिळून धा लिटर."

"आजाराआधी?"

"न्हाय. तुमी बरी केल्यावर. पयल्यापरास जास्तच." मोठ्यानं म्हणाल्या, पार रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, आणि मी काही बोलायच्या आतच पुढं म्हणाल्या, "घ्या लिवून. आता तिला कुणाची नजर लागायची हाय?"