तांबडी मोटार आणि आत्याची डबल बेल

आमच्या घराण्यात आजवर एकच शर्यतीची मोटार निवडली गेली, आणि ती निवडली जात असताना मी रस्त्यावर उभा होतो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मुंबईत एका जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होतात असं मी वर्तमानपत्रात वाचलं आणि माझं जेवणावरचं लक्ष उडालं. महाडला आमची भाताची गिरण होती. गिरणीचा ट्रक मी नाते गावापासून महाडपर्यंत असा काही हाणायचो, की बैलगाडीवाले मला लांबूनच ओळखून शेतात उतरायचे. (मी ते कौतुक समजायचो.) शर्यतीत उतरायचंच, असं मी घरात जाहीर करून टाकलं!

योगायोगानं महाबळेश्वरचे एक बंगलेवाले आपल्या दोन मोटारी विकणार होते. त्यांचे दिवाणजी दोन्ही गाड्या आंबेनळी घाट उतरवून पोलादपुरात घेऊन आले आणि आम्ही सगळे महाडहून तिकडे बघायला गेलो. एक हिरवी, चौघांची, वर टप असलेली, स्वभावानं गरीब. दुसरी तांबडी! उघडी, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकून बसलेली. तिला पाहिलं आणि माझे कान गरम झाले.

"किती घोड्यांची म्हणालात?" वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दिवाणजींना विचारलं.

"शंभराच्या वर."

"आणि बसायचं किती जणांनी?"

"दोघांनी."

"म्हणजे माणशी पन्नास घोडे! पेशव्यांनीसुद्धा अशी उधळपट्टी केली नसेल."

अण्णांची अट होती. इंजिन कासमचाचांनी पास करायचं आणि गाडी ताईआत्यानं. दोघांचा होकार आला तर तांबडी, नाही तर हिरवी. हिरवी घेऊन शर्यतीला गेलो असतो तर लोकांना वाटलं असतं, हा कुणाला तरी सोडायला आलाय. तेव्हा माझं सगळं भवितव्य या दोन माणसांच्या हाती होतं.

कासमचाचा म्हणजे आमच्या शेजारचे, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते तांबडीच्या चाकामागे बसले, इंजिन चालू केलं, थोडी रेस दिली आणि डोळे मिटून ऐकू लागले.

"आवाज बघ रे कसा हाय! एक दाणा खडा नाय!"

इंजिन पास! मी उड्या मारायच्या बेतात होतो.

आता ताईआत्या. ही अण्णांची थोरली बहीण, आणि तिचा नियम असा की पुजल्याशिवाय नव्या वाहनाचं चाक हलू द्यायचं नाही. गुडघे दुखत असल्यामुळे ती सरळ चाचांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि समोरच्या तबकड्यांची पूजा मांडली. वेगाच्या काट्याला कुंकू लावलं, वर हार घातला, मांडीवर नारळ घेतला. मग उजव्या हातात निरांजन आणि डाव्या हातात घंटा घेऊन तिनं सुरुवात केली.

टिण टिण!

आता चाचांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. डोळे मिटलेले, इंजिन तापलेलं, कानावर डबल बेल! त्यांनी गिअर टाकला.

तांबडी गेली. धूळ खाली बसली तेव्हा मी, अण्णा आणि दिवाणजी अशा तीन घोड्यांची गाडी रस्त्यात उभी होती.

"ताई कुठे आहे?" अण्णांनी विचारलं.

लांबून घाटाच्या बाजूनं उत्तर आलं. टिणटिणटिणटिण!

आम्ही तिघे हिरवीत बसलो, चाक मी धरलं आणि मागे लागलो. पहिल्या वळणावर हार सापडला, दुसऱ्यावर निरांजन. तिसऱ्या वळणावर खडी फोडणारी एक बाई उभी होती.

"आग खय लागली, गो बाई?" ती मलाच गो म्हणाली, इतकी बिचारी गोंधळली होती. "बंब गेला ना घंटा वाजवीत! वर म्हातारी बसलीवती!"

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. अण्णा सगळ्या देवांची नावं घेत होते आणि मधूनमधून माझंही घेत होते, पण वेगळ्या सुरात. मी खरोखर घाबरलो होतो. आत्यानं मला लहानाचं मोठं केलेलं. शर्यत गेली चुलीत, आत्या सापडू दे, एवढंच मनात होतं.

घाटाच्या माथ्याजवळ तांबडी उभी होती. आत्या सीटवर ताठ बसलेली, केस मोकळे सुटलेले, मांडीवर नारळ शाबूत!

"अहो चाचा, थांबायचं तरी!" मी ओरडलो.

"थांबू कसा? एक बेल मिळाली तर थांबू ना! ताई चालूच!"

"अरे, हात थरथरत होता," आत्या म्हणाली. "थरथरत्या हातानं एकच बेल कशी वाजेल?"

"मग थांबलात कसे?" मी चाचांना विचारलं.

"घंटीचा लोलक उडाला ना. बेल बंद. मला वाटलं, कंडक्टर पडला!"

आत्यानं केस बांधले. "बाळ्या, हीच गाडी घे. काय पळते रे! वरंध घाटात अशीच जाऊ एकदा."

दोन्ही होकार! मी चाचांना मिठी मारली. पण अण्णांचा चेहरा पांढराफटक पडलेला. "अट गेली खड्ड्यात. जी गाडी माझी बहीण पळवते, ती माझ्या दारात नको. हिरवी!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? "निदान खाली उतरेपर्यंत तरी बसू द्या," मी म्हणालो. चाचांनी दार उघडलं. आत्या हिरवीत गेली आणि हिरवीचं चाक दिवाणजींनी धरलं.

आता एक बारीकशी गोष्ट. ट्रक नेहमी मीच चालवायचो. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत, घाटातून, पोटात पोलादपूरची चार भजी आणि दोन कप चहा घेऊन मी कधी बसलोच नव्हतो. पहिल्या वळणाला मजा आली. चौथ्याला मी दार घट्ट धरलं. सातव्याला "चाचा!" एवढंच म्हणालो, आणि उशीर झाला.

पोलादपुरात दिवाणजी तांबडीच्या कातडी सीटकडे नाकाला रुमाल लावून बघत राहिले. अण्णांनीही बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग लांब उसासा सोडला.

"दिवाणजी, हिरवी परत न्या. तांबडी आमची. उष्टी वस्तू परत करायची रीत नाही आमच्यात."

पुढे मुंबईच्या शर्यतीत मी ती चालवली आणि शेवटून दुसरा आलो. (शेवटच्याचं चाक निखळलं होतं.) पण लोक मोटारीभोवती जमायचे आणि विचारायचे, एवढी जबरदस्त गाडी निवडली कशी? मी खरं तेच सांगायचो. लोक गाडी घेतात आणि मग त्यांना ती लागते. मला आधी लागली, म्हणून घ्यावी लागली!